नावाची तोफ, नंबरची बंदूक

संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की पंधरा किलोमीटरवर गाडी हमखास अडते. रस्ता दौलताबादच्या बाहेरच्या तटातल्या दरवाजातून जातो आणि त्या दरवाजातून एका वेळी एकच मोठं वाहन निघतं. शत्रूची फौज अडावी म्हणून केलेली ही अडचण आज एसटीला, ट्रकांना आणि रविवारी लेण्यांना निघालेल्या कुटुंबांना पुरून उरते. कोंडी लांबली की सीताफळवाले खिडकीशी येतात. गेल्या दिवाळीत त्या कोंडीत आम्ही अर्धा तास होतो. मागच्या सीटवर डॅलसहून आलेला माझा भाचा, त्याची बायको आणि दहा वर्षांचा नातू.

बहुतेक लोकांना या किल्ल्यात दोनच गोष्टींचं आकर्षण असतं, एक अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, आणि दुसरी अगदी वरची टोकाची तोफ. मला विचाराल तर दम असेपर्यंत, म्हणजे निम्म्या वाटेवरच, चिनी महालाशेजारचा बुरूज चढून घ्यावा. चिनी महाल म्हणजे निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे अजून भिंतीला धरून असलेली इमारत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ नंतर औरंगजेबाने इथेच डांबलं आणि तो इथेच संपला. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे.

ही पंचरसी, म्हणजे मिश्र धातू ओतून केलेली तोफ. उन्हात तिचा रंग कुठे तपकिरी, कुठे हिरवट दिसतो. मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं आहे, शिंगांना छान पीळ दिलेला. गावकऱ्यांनी त्यावरून नाव पाडलं आणि तेच टिकलं. कागदोपत्री, खरं तर अंगावरच, तिचं नाव निराळं आहे. फारसी अक्षरांत लिहिलंय ‘किल्ला शिकन’, किल्ला फोडणारी. शिवाय औरंगजेबाचं नाव सगळ्या बिरुदांसह आहे आणि ओतणाऱ्या कारागिराचंही, मुहम्मद हुसेन अरब. बुरुजाच्या मधोमध खुंट्यावर ती अशी बसवली आहे की फिरवता यावी. गाइड सांगतात की तिचं तोंड किल्ल्याकडे कधीच वळू नये, इतपतच ती फिरते. फितुराच्या हाती लागली तरी किल्ला सुरक्षित. खरं-खोटं त्या खुंट्याला माहीत. पण गोष्ट दौलताबादच्या स्वभावाला धरून आहे.

नातवाने तोफेभोवती दोन फेऱ्या मारल्या, शिंगांवरून हात फिरवला आणि विचारलं, “आजोबा, ही कुणाची होती?”

मी म्हटलं, “बादशहाची.”

“तसं नाही. म्हणजे ठेवायचं कोण? घर कुणाचं होतं?”

टेक्ससमध्ये जन्मलेल्या पोराला बंदूक म्हटली की ती कुणाच्या तरी घरातली, हे आपसूकच कळतं. माझ्या डोक्यात तोफ, बंदूक, तलवार म्हटलं की आधी दरबार येतो, नंतर सरकार, नंतर पोलीस ठाणं. दोघांच्याही डोक्यात हे कुणी शाळेत घातलेलं नाही. मग आलं कुठून? त्या प्रश्नापायी पुढचे काही महिने माझं बरंच वाचन झालं. हा लेख त्यातूनच आला.

आधी या बाईसाहेबांची कामाची रीत पाहू. मोठी तोफ उडवणं म्हणजे आठ-दहा जणांचा संसार. तोंडातून आधी दारू घालायची, ती लांब गजाने ठासायची, वर चिंध्यांचा किंवा गवताचा बोळा, मग गोळा, पुन्हा ठासायचं. मागे अंगावर एक बारीक भोक असतं, त्याला तोफेचा कान म्हणतात. कानात रंजक, म्हणजे बारीक दारू भरायची आणि लांब काठीच्या टोकाला पेटता तोडा लावून बत्ती द्यायची. बार उडाला की नळी तापते, ती थंड व्हायला वेळ लागतो, आत जळका कचरा उरतो, तो ओल्या बोंडक्याने पुसावा लागतो. एखादी ठिणगी आत राहिली आणि वर नवी दारू पडली, तर पहिला मरतो तो गोलंदाज. म्हणूनच असेल, मेंढ्याचं मुंडकं मागे आहे. विजापूरच्या मुलूखमैदान तोफेचा जबडा शत्रूकडे आ वासून आहे. दौलताबादचा मेंढा मात्र स्वतःच्या माणसांकडे बघत बसलाय.

मुलूखमैदानचा विषय निघालाच आहे तर तिची हकिकत सांगायला हवी, कारण ती मूळची आपल्याकडची. १५४९ साली अहमदनगरला रूमीखानाने ती निजामशहासाठी ओतली. वजन ५५ टनांच्या घरात. पुढे ती आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. दोनशे वर्षांनी इंग्रजी अमलात एका साहेबाने जुनं भंगार म्हणून तिचा लिलाव पुकारला. १८५४ साल. सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपयांची. मामलेदाराने वर कळवलं की लोक या तोफेला मानतात, विकू नये. म्हणून ती वाचली. आज मराठीत सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. दीडशे रुपयांच्या मालाला याहून चांगलं पेन्शन मिळालेलं मला माहीत नाही.

भाषेने या सगळ्या दारूगोळ्याला असंच निवृत्त केलंय. गोलंदाज आता क्रिकेट खेळतो. लग्नाचा बार उडतो. दारू एकतर पितात किंवा ती शोभेची असते. फैरी झाडतो तो विरोधी पक्षनेता, आरोपांच्या. तोफखाना ही नगरमधली वस्ती आहे. हे शब्द रोज वापरणाऱ्या माणसाच्या घरात बंदूक नसते आणि नाही याची त्याला खंतही नसते.

‘किल्ला फोडणारी’ हे नाव जिच्या अंगावर कोरलंय ती तोफ ज्या किल्ल्यात बसली आहे, तो किल्ला तोफेने फुटल्याचं उदाहरण शोधायला जावं तर हाती लागत नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा तोफा नव्हत्याच. रामदेवराव यादवाने हार मानली ती वेढ्यामुळे, आणि धान्याची म्हणून वर चढवलेली पोती मिठाची निघाली म्हणून, असं आजही सांगतात. १६३३ मध्ये शाहजहानच्या महाबतखानाने वेढा घातला. त्याने बाहेरच्या तटांना सुरुंग लावून खिंडारं पाडली, तरी शेवट केला तो उपासमारीने आणि पैशाने. मलिक अंबरचा मुलगा फतेखान साडेदहा लाख रुपये घेऊन किल्ल्यातून उतरला. फ्रेंच सेनापती बुसीने १७५८ मध्ये किल्ला घेतला तो डावपेचाने. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांकडे आला तहाच्या कागदावर. शेजारी कैदेत मेलेल्या तानाशाहाचं गोवळकोंडं औरंगजेबाच्या मोठमोठ्या तोफांपुढे आठ महिने उभं राहिलं आणि शेवटी एका फितुराने दार उघडलं म्हणून पडलं.

मग एवढा धातू ओतून, एवढे बैल जुंपून तोफ बुरुजावर चढवायची कशाला? दिसावी म्हणून. तोफेला नाव असे, तिची पूजा होई, तिच्या अंगावर बादशहाचं नाव असे, कारण ज्याच्याकडे तोफखाना त्याचं राज्य. राज्य बदललं की नवा धनी आधी तोफा मोजून घेई.

इथून जालना जिल्ह्यातलं असई फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तिथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढाई दिली. शिंद्यांचा तोफखाना तेव्हाच्या हिंदुस्थानातला नामांकित. गोलंदाज इतके पक्के की इंग्रज पलटण तोफांची रांग ओलांडून पुढे गेल्यावर, मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही उठले आणि त्यांनी पाठीमागून पुन्हा बत्ती दिली. बरेचसे आपापल्या तोफेशीच कापले गेले. संध्याकाळी शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या ताब्यात होत्या. माझं आजोळ त्याच भागातलं. तिथे लढाईच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या त्यात कुणाच्या घरातून कुणी बंदूक घेऊन धावलं, असं कधी आलं नाही. लढाई शिंद्यांची होती. रयत गढीच्या भिंतीआड बसून आवाज ऐकत होती.

रयत निःशस्त्र होती असं मात्र कुणी समजू नये. सतराव्या-अठराव्या शतकातला दख्खनचा कुणबी सुगी आटोपली की भाला किंवा तोडेदार बंदूक घेऊन कुणाच्या तरी फौजेत दाखल होई. देशमुखांच्या गढ्यांना जंग्या ठेवलेल्या असत, बंदुकीचं तोंड बाहेर काढायला. शस्त्र होतं, पण ते चाकरीचं. खुद्द दौलताबादचीच एक कथा पाहा. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार. स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला, तेव्हा नाथांनी गुरूचं चिलखत चढवलं, किल्ला लढवला, शत्रू हटला तसं चिलखत उतरवून जागेवर ठेवलं आणि काही न बोलता आपल्या कामाला लागले. कथा म्हणून घ्या. पण कथेतलं ते चिलखत नाथांच्या घरी गेलं नाही, हे महत्त्वाचं.

अमेरिकेच्या कथेत चिलखत घरी जातं. किंबहुना घरूनच येतं.

वसाहतींच्या काळात तिथे फौज नव्हती आणि फौज ठेवायला पैसा नव्हता. म्हणून कायदा केला की गोऱ्या पुरुषांनी स्वतःची बंदूक बाळगावी आणि गरज पडली की तीच घेऊन गावच्या टोळीत, मिलिशियात, हजर व्हावं. काही वसाहतींत रविवारी चर्चला येतानाही बंदूक आणण्याची सक्ती होती. त्याच कायद्यांनी काळ्या गुलामांना शस्त्रबंदी केली आणि मूळ रहिवाशांना बंदुका विकायला मनाई केली. बंदूक कुणाकडे असावी याइतकंच ती कुणाकडे नसावी हेही पहिल्यापासून ठरलेलं होतं. आज तिथे जे हक्काचं बोलतात ते पहिला अर्धा सांगतात, दुसरा गाळतात.

१९ एप्रिल १७७५ च्या पहाटे इंग्रज पलटण बोस्टनहून कॉन्कर्ड गावाकडे निघाली, ती तिथे साठवलेली दारू आणि हत्यारं जप्त करायला. वाटेत लेक्सिंग्टनला शेतकरी घरच्या बंदुका घेऊन उभे राहिले आणि अमेरिकेची क्रांती सुरू झाली. म्हणजे त्या राष्ट्राचा जन्मच ‘सरकार शस्त्रं काढून घ्यायला आलं’ या प्रसंगातून झाला. हे एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं निम्मं कोडं सुटतं.

या लढाईला आपल्याकडचा एक धागा आहे. दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची. त्यातला सोरा सगळ्यात अवघड, आणि तेव्हा जगातला उत्तम सोरा बिहार-बंगालमधून निघे. प्लासीनंतर तो इंग्रजांच्या हाती गेला. त्यामुळे अमेरिकन बंडखोरांना दारूसाठी फ्रान्सकडे हात पसरावे लागले आणि त्यांची बहुतेक दारू तिकडूनच आली. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये या शेतकऱ्यांच्या आणि फ्रेंचांच्या फौजेपुढे शरण गेलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. तिथे हरलेला माणूस इथे राज्य करायला आला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन वेगवेगळ्या धड्यांत असते.

१७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती झाली. एकच वाक्य. सुरुवातीला म्हणतं की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी शिस्तबद्ध मिलिशिया आवश्यक आहे, पुढे म्हणतं की लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर गदा येऊ नये. सव्वादोनशे वर्षं तिकडचे वकील या वाक्याच्या पूर्वार्धावर आणि उत्तरार्धावर भांडत आहेत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात निकाल दिला की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. मिलिशियाशी संबंध असो वा नसो. पाच विरुद्ध चार मतांनी. १७९२ चा मिलिशिया कायदा वाचला तर मात्र हक्काइतकाच हुकूमही दिसतो. १८ ते ४५ वर्षांच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र गोऱ्या पुरुषाने स्वखर्चाने चांगली बंदूक, संगीन, दोन जादा चकमकीचे दगड आणि किमान २४ काडतुसं बाळगावीत. आपल्याकडे सरकार सांगतं बंदूक जमा करा. त्यांच्याकडे सरकार सांगत होतं, विकत घ्या.

पण घराघरात एक बंदूक असणं वेगळं आणि दर माणशी एकाहून जास्त असणं वेगळं. इथवर यायला राज्यघटना पुरत नाही, कारखाना लागतो. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत रंजक वाटला, कारण तो यंत्राचा आहे.

मुहम्मद हुसेन अरबाने एक तोफ ओतली. साचा फोडला, तोफ बाहेर काढली, नाव घातलं. तिच्यासारखी दुसरी नाही. तिचा एखादा भाग मोडला तर दुसऱ्या तोफेचा काढून बसवता येणार नाही. जुन्या बंदुकाही तशाच; प्रत्येकीचा घोडा, प्रत्येकीची कमान लोहाराने कानस मारून त्या बंदुकीपुरती बसवलेली. अमेरिकेत कसबी लोहार थोडे आणि मजुरी महाग. तिथे सरकारने स्प्रिंगफील्डला शस्त्रांचा कारखाना काढला, १७९८ मध्ये एली व्हिटनीला दहा हजार बंदुकांचं कंत्राट दिलं, आणि एक कल्पना पुढे रेटली: प्रत्येक सुटा भाग तंतोतंत सारखा असावा, म्हणजे दहा मोडक्या बंदुकांतून नऊ चांगल्या जुळवता येतील. व्हिटनीला हे पुरतं जमलं नाही, माल वर्षानुवर्षं उशिरा दिला. सरकारी कारखान्यांनी अनेक दशकं पैसा ओतून ते जमवलं. त्याच रीतीतून पुढे शिवणयंत्रं, सायकली आणि मोटारी आल्या. अमेरिकेची कारखानदारी बंदुकीच्या नळीतून बाहेर पडली, म्हटलं तरी चालेल.

सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. पहिला धंदा बुडाला, पुढचा चालला, आणि १८५५ पर्यंत हार्टफर्डला त्याचा भव्य कारखाना उभा राहिला. मग १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध झालं. युद्ध संपल्यावर कारखाने तसेच उरले आणि सरकारी कंत्राटं आटली. माल विकायचा कुणाला? गिऱ्हाइकाला. विंचेस्टर कंपनी १८६६ ची. तिच्या १८७३ च्या रायफलला पुढे ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ म्हणून कंपनीनेच मिरवलं. १८८३ पासून बफेलो बिलचा खेळ गावोगाव फिरू लागला आणि लोकांना पश्चिम कशी होती ते तिकीट लावून दाखवू लागला. नंतर ते काम सिनेमाने केलं. खरी पश्चिम बरीच सावध होती. डॉज सिटीत शिरताना बंदूक जमा करावी लागे. टूमस्टोनची २६ ऑक्टोबर १८८१ ची ती जगप्रसिद्ध चकमक उडाली तीसुद्धा, गावात शस्त्र बाळगायला बंदी आहे, ती खाली ठेवा, या कारणावरून.

नॅशनल रायफल असोसिएशन, आज बंदुकीच्या राजकारणातलं सर्वांत धाकाचं नाव, १८७१ मध्ये निघाली ती यादवी युद्धातल्या शिपायांचा नेम फार वाईट होता म्हणून. शंभर वर्षं ती नेमबाजीची आणि शिकाऱ्यांची मंडळी होती. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात कडव्या गटाने ती ताब्यात घेतली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियात काळे तरुण भरलेल्या बंदुका खांद्याला लावून उघडपणे गस्त घालू लागले, तेव्हा गव्हर्नर रेगन यांनी त्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली होती. कुणाकडे नसावी, हा जुना प्रश्न तिथे असा मधूनच डोकं वर काढतो.

आजचे आकडे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनीव्हाच्या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये अमेरिकेत नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे १२०. भारतात शंभरामागे पाच, तेही बेकायदा गावठी कट्टे धरून. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. बाळगणाऱ्यांना विचारलं तर सांगतात, संरक्षणासाठी. किल्ला शिकन नाव घातल्यासारखंच आहे.

भाचा सांगतो ते आकड्यांपेक्षा मला जास्त लागलं. त्याचा शेजारी, निवृत्त माणूस, भला. बर्फाच्या वादळात वीज गेली तेव्हा यांना घरी बोलावून जेवू घातलं. त्याच्या तळघरात नव्हे, झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात पाच बंदुका आहेत. एक आजोबांची हरणाच्या शिकारीची, ती तो दरवर्षी पुसतो, तेल लावतो. भाच्याला ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा त्यानेच कौतुकाने सांगितलं, आता तूही घेऊ शकतोस. व्हिसावर असताना सहसा घेता येत नाही. भाच्याने घेतली नाही. पण मुलाला कुणाच्या वाढदिवसाला पाठवायचं असलं की त्याची बायको त्या आईला आधी फोन करते आणि पत्ता, वेळ, शेंगदाण्याची ॲलर्जी हे सगळं बोलून झालं की विचारते, घरात बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे ना. “पहिल्यांदा विचारताना जीभ जड झाली होती, मामा. आता कुणालाच काही वाटत नाही.” शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याची कवायत असते. नातवाने ती मला बुरुजावर करून दाखवली. तोफेआड दडून, तोंडावर बोट ठेवून.

आपल्याकडे हे का झालं नाही, याचं एक उत्तर कायद्यात आहे. १८५७ मध्ये संभाजीनगरातच निजामाच्या कंटिंजंट फौजेतले घोडेस्वार बिथरले. जनरल वुडबर्न तोफा घेऊन आला. काहींना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. ती जागा काळा चबुतरा, आजचा क्रांती चौक. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार नाही, युरोपियनांना मात्र सूट. काँग्रेसची सुरुवातीची अधिवेशनं या कायद्याविरुद्ध ठराव करत. आपलं राज्य आलं आणि १९५९ मध्ये आपलाच शस्त्र कायदा आला. युरोपियनांची सूट उरली नाही, परवाना राहिला. त्यावर देशात कुणी दगड उचलला नाही.

दुसरं उत्तर मराठवाड्यापुरतं आहे आणि ते मला जास्त पटतं. इथे निजामाचं राज्य १९४८ पर्यंत होतं. खाजगी माणसाच्या हातातली बंदूक म्हणजे इथल्या जुन्या आठवणीत आधी रोहिले, नंतर रझाकार. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं भरून निजामाला शस्त्रं पोचवत होता. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्तेही हत्यारं घेऊन लढले, जीव दिले. पण शेवट झाला तो १३ ते १७ सप्टेंबरच्या फौजी कारवाईने. मुक्ती रणगाड्यात बसून, सरकारी गणवेशात आली. लेक्सिंग्टनच्या शेतकऱ्याला सरकारी गणवेशापासून वाचायला बंदूक लागली. इथल्या शेतकऱ्याला बंदुकीपासून वाचवायला सरकारी गणवेश आला. दोघांच्या नातवंडांना एकच मत असावं अशी अपेक्षा करणंच चूक.

भारतातही अपवाद आहे. कर्नाटकातल्या कोडगूमधल्या कोडवा लोकांना १८६१ पासून परवान्याची सूट आहे. केंद्राने ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षं वाढवली. मुलगा झाला की हवेत एक बार काढतात आणि कैलपोळ्द सणाला बंदुका फुलं वाहून पुजतात. आपण दसऱ्याला तेच करतो, फक्त हत्याराच्या जागी स्कूटर, पाना आणि लॅपटॉप असतो.

माझ्या आजोळी मात्र खरी बंदूक होती. मामाची बारा बोअर, रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून परवाना. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, एरवी ती फडक्यात गुंडाळून माळ्यावर. तिने मारलेलं डुक्कर मी पाहिलं नाही. तिचा प्रवास बघितला तो एकच, निवडणूक जाहीर झाली की घर ते ठाणं, निकाल लागला की ठाणं ते घर. जमा केल्याची पावती मामा पंचांगात ठेवायचा. नूतनीकरणाच्या चकरांना तो कंटाळला होता, एका टेबलावर दोन महिने कागद पडून राहिला म्हणून चिडलाही होता. पण परवाना लागतोच कशाला, असं त्याच्या तोंडून कधी आलं नाही. तो गेल्यावर मामेभावाने बंदूक कायमची जमा करून टाकली. आता परवान्याला पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, सगळं लागतं. तो म्हणाला, एवढ्यात तारेचं कुंपण होतं. बंदुकीवरचा नंबर त्याला तोंडपाठ आहे, कारण तो दर अर्जात लिहावा लागे. नाव तिला कधी नव्हतं.

नातवाला मी शेवटी काय उत्तर दिलं? सांगितलं, ही तोफ बादशहाची होती, मग निजामाची, आता भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याची. घरी कुणीच ठेवत नव्हतं. त्याने विचार केला आणि म्हणाला, “मग कुलूप कुठाय?”

जाणार असाल तर एक विनंती. शिंगांवरून हात जरूर फिरवा, मुलांनाही फिरवू द्या. पण आमच्या आधी येऊन गेलेल्या कुणीतरी किल्ल्याच्या भिंतींवर जागोजागी बदाम काढून नावं कोरली आहेत. तोफेवर ते नको. तिच्यावर आधीच दोन माणसांची नावं आहेत, एक बादशहाचं आणि एक कारागिराचं.